‘परवा’ म्हणजे नेमकं कधी?

बालमित्रांनो, आज सुरुवात एका कोड्यानं करू या. खाली एक निरोप दिला आहे. फोनवर ध्वनिमुद्रित केलेला, म्हणजे आपण ज्याला ‘व्हॉइस मेसेज’ म्हणतो तसला. तो स्वतः वाचू नका. घरातल्या कुणाला तरी एकदाच, भरभर वाचून दाखवायला सांगा आणि तुम्ही नुसता ऐका.

“हॅलो... हां, मी बोलतोय. अहो, ते काही आज झालं नाही. त्यांनी परवा बोलावलंय. तर तुम्ही पाच वाजता स्टेशनवर या, मी तिथंच असतो. आणि येताना ते कागद आणायला विसरू नका बरं का! आणि त्या सरांना एक फोन करून ठेवा. नंबर घ्या, अठ्ठ्याण्णव... बावन्न... अं... जाऊ द्या, आईला माहीत आहे. चला, ठेवतो.”

काय कळलं? बोलणारा घाईत आहे, एवढंच ना?

आता समजा, हा निरोप पिंगळीतल्या एका घरी आला आहे. पिंगळी म्हणजे परभणी तालुक्यातलं, रेल्वे स्टेशन असलेलं गाव. घरातला दादा परभणीला कृषी विद्यापीठात प्रवेशासाठी गेला आहे. बाबा दिवसभर शेतात आणि फोन घरी चार्जिंगला. दादानं निरोप पाठवला सोमवारी दुपारी. बाबा रात्री दमून आले, जेवले, झोपले. निरोप ऐकला मंगळवारी सकाळी. दादाच्या मनातला ‘परवा’ होता बुधवार. पण मंगळवारी ऐकणाऱ्याचा ‘परवा’ होतो गुरुवार! निरोप कधी आला ते फोनवर बारीक अक्षरांत दिसतं, हे खरं. पण कानाला फोन लावल्यावर ती अक्षरं कोण बघतो?

पुढचं बघा. पाच वाजता म्हणजे पहाटे की संध्याकाळी? स्टेशन कुठलं, पिंगळीचं की परभणीचं? कागद कुठले, दहावीचे, जातीचे की सात-बाराचे? आणि सर कोण? प्रवेशाची मुदत जर बुधवारीच संपत असेल, तर बाबा गुरुवारी सगळे कागद नीट पिशवीत घालून स्टेशनवर उभे राहतील आणि दादाचं वर्ष वाया जाईल. चूक कुणाची? बाबांची तर नक्कीच नाही. त्यांनी ऐकलं तसंच केलं.

समोरचा, फोनवरचा आणि नंतर ऐकणारा

आपण समोरासमोर बोलतो तेव्हा निम्मं काम आपले हात आणि डोळे करतात. “ते घे” म्हणताना आपण बोटानं दाखवतो. समोरच्याचा चेहरा गोंधळलेला दिसला की आपोआप पुन्हा सांगतो.

फोनवर बोलताना हात आणि चेहरा जातो, पण समोरचा विचारू शकतो. “कुठलं स्टेशन रे?” एका प्रश्नात गोंधळ मिटतो.

ध्वनिमुद्रित निरोपात हेही राहत नाही. ऐकणारा तुमच्यापुढे नाही. तुम्ही बोलत होता त्या वेळेतही तो नाही. तासाभरानं ऐकेल, नाहीतर दुसऱ्या दिवशी. त्याला प्रश्न पडतील, पण विचारणार कुणाला? तेव्हा तुमचा फोन बंद असेल, तुम्ही वर्गात असाल किंवा गाडीत रेंज नसेल.

म्हणून चांगल्या निरोपाचं सगळं मर्म एका वाक्यात मावतं: ऐकणारा जे विचारील, त्याचं उत्तर आपण आधीच देऊन ठेवायचं. बाकी सगळे नियम या एका वाक्याची लेकरं आहेत.

निरोप्या गेला, यंत्र आलं

आवाज साठवून ठेवायची कल्पना चांगली जुनी आहे. थॉमस एडिसननं १८७७ साली फोनोग्राफ बनवला आणि पुढच्याच वर्षी एका लेखात या यंत्राचे उपयोग लिहून काढले. त्यातला एक असा होता की, फोनोग्राफ टेलिफोनला जोडून बोलणं कायमचं टिपून ठेवता येईल. डेन्मार्कच्या वाल्डेमार पौल्सेन यानं १८९८ मध्ये पोलादी तारेवर चुंबकाच्या साहाय्यानं आवाज टिपणारं यंत्र केलं. टेलिफोनवर आलेला निरोप टिपून ठेवण्यासाठी ते वापरता येईल, असं त्याच्या डोक्यात होतं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यानं ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ योझेफ याचा आवाज टिपला. तो आजही ऐकता येतो! पुढं अमेरिकेत गॉर्डन मॅथ्यूज यांना १९८३ मध्ये ‘व्हॉइसमेल’च्या यंत्रणेचं पेटंट मिळालं आणि कचेऱ्यांमध्ये फोनवर निरोप ठेवायची पद्धत रुळली.

आपल्याकडं मात्र निरोप ठेवायला यंत्र नव्हतं, माणूस होता. तुमच्या आई-बाबांना विचारा. १९८० आणि १९९० च्या दशकांत फोन असलेलं घर गल्लीत एखादंच असे. मग लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पावतीवर नंबर छापायचा आणि पुढं कंसात लिहायचं ‘पी. पी.’. म्हणजे फोन शेजारच्यांचा, पण आम्हाला बोलावून देतात! शेजारच्या काकू निरोप घेत. “तुमच्या नाशिकच्या आत्याचा फोन होता, शनिवारी येतायत, दुपारच्या गाडीनं.” काकूंना काही कळलं नाही तर त्या आत्यालाच तिथल्या तिथं विचारत. शिवाय एस.टी.डी.च्या पिवळ्या पाटीच्या बूथमध्ये समोर मीटरचे लाल आकडे पळत असत. त्यामुळं माणसं घरून कागदावर मुद्दे लिहून नेत आणि तेवढंच बोलत.

तारेचंही तसंच. तारेला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून एकेक शब्द तोलून लिहावा लागे. १५ जुलै २०१३ पासून आपल्या देशातली तारसेवा बंद झाली. आणि योगायोग असा, की त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्हॉट्सॲपवर बटण दाबून आवाजी निरोप पाठवायची सोय आली. आता शब्दाला पैसे नाहीत, मीटर नाही आणि उलट प्रश्न विचारणाऱ्या काकूही नाहीत. म्हणून आपण पाल्हाळ लावतो, आणि नेमकं तेच सांगायचं राहून जातं.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. ज्या आजीला लिहिता-वाचता येत नाही, तिच्यासाठी हा निरोप म्हणजे वरदान आहे. पूर्वी तिला पत्र लिहून घ्यायला आणि आलेलं वाचून घ्यायला कुणाची तरी मनधरणी करावी लागे. आज ती आपल्या आवाजात नातवाशी बोलते. तेव्हा आवाजी निरोपाला नावं ठेवायची नाहीत. तो नीट द्यायला शिकायचं.

स्टेशन मास्तरांचा निरोप

नीट निरोप कसा असतो, ते बघायला लांब जायला नको. परभणीहून पूर्णेकडे गाडी निघाली की पिंगळी लागतं, मग मिरखेल आणि मग पूर्णा जंक्शन. दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागातला हा मार्ग. अशा मार्गावरचे स्टेशन मास्तर एकमेकांना दिसत नाहीत. मधे रूळ असतात, शेतं असतात. तरीही ‘मी गाडी सोडू का?’ आणि ‘हो, माझ्याकडं रस्ता मोकळा आहे’ हे दोघांना बिनचूक कळावं लागतं. रेल्वेच्या भाषेत याला ‘लाइन क्लिअर’ म्हणतात.

आज यातलं बरंच काम विजेची यंत्रं करतात. पण यंत्र बिघडलं, किंवा फाटकावरच्या गेटमनला गाडीची वर्दी द्यायची असली, की पुन्हा माणसाचा आवाज आणि फोन कामाला येतो. आणि तिथं रेल्वेनं एक सुरेख युक्ती केली आहे. तिचं नाव ‘प्रायव्हेट नंबर’.

प्रत्येकाजवळ एक छापील तक्ता असतो. त्यावर दोन आकडी संख्या उलटसुलट क्रमानं छापलेल्या असतात. समजा, मास्तरांनी गेटमनला सांगितलं, “अमुक नंबरची गाडी येतेय, फाटक बंद कर.” गेटमननं नुसतं “हो साहेब” म्हणून चालत नाही. तो फाटक बंद करतो आणि मग आपल्या तक्त्यावरची पुढची संख्या सांगतो. मास्तर ती वहीत टिपतात. एकदा दिलेली संख्या खोडायची, पुन्हा वापरायची नाही. ‘हो’ हा शब्द माणूस सवयीनं, झोपेतसुद्धा म्हणतो. पण तक्ता काढून संख्या बघायची, सांगायची, खोडायची म्हणजे जागं राहून, लक्ष देऊनच काम करावं लागतं. शिवाय दोन्हीकडच्या वह्यांत एकच संख्या असते, त्यामुळं कोण काय म्हणालं यावर नंतर वाद नको.

आणि गाडीचा नंबर कसा सांगतात, माहीत आहे? स्टेशनवरची घोषणा आठवा. “गाडी क्रमांक एक, सात, सहा, एक, सात...” एकेक अंक सुटा. कारण १७६१७ ही तपोवन एक्स्प्रेस मुंबईहून नांदेडला येते आणि १७६१८ ही नांदेडहून मुंबईला जाते. शेवटचा एक अंक चुकला तर गाडी उलट्या दिशेला!

एका ‘ओके’ची गोष्ट

निरोप अर्धवट राहिला तर काय होतं, याचं जगातलं सगळ्यात दुःखद उदाहरण विमानांचं आहे. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुकं होतं. दोन मोठी जम्बो जेट विमानं एकाच धावपट्टीवर होती आणि धुक्यामुळं एकमेकांना दिसत नव्हती. एका विमानातून रेडिओवर सांगितलं गेलं की आम्ही आता उड्डाणावर आहोत. याचा अर्थ ‘उड्डाणासाठी तयार उभे आहोत’ असा, की ‘उडायला निघालो’ असा? नियंत्रकानं आधी ‘ओके’ म्हटलं आणि मग थांबायला सांगितलं. पण त्याच क्षणी दुसरं विमानही रेडिओवर बोललं. दोन आवाज एकमेकांवर आदळले आणि पहिल्या विमानात ‘ओके’नंतर नुसती शिट्टीसारखी खरखर पोचली. त्या टकरीत ५८३ माणसं गेली.

कारणं पुष्कळ होती, धुकं होतं, घाई होती. पण त्यानंतर विमानांच्या बोलण्याचे नियम जगभर कडक झाले. ‘टेक-ऑफ’ हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी नाही. आणि महत्त्वाची सूचना मिळाली की नुसतं ‘ओके’ म्हणायचं नाही, ती सूचना उलट म्हणून दाखवायची. आपल्या गेटमनचा प्रायव्हेट नंबर आणि वैमानिकाचं उलट म्हणून दाखवणं, दोन्ही एकाच जातीची शहाणपणं आहेत.

तुमच्या-माझ्या निरोपावर विमान अवलंबून नसतं. पण कुणाचा प्रवेश असतो, कुणाचं औषध असतं, कुणी स्टेशनवर ताटकळत उभं असतं.

निरोपाचे सात नियम

एक. आधी नाव, मग गाव, मग काम. “मी बोलतोय” हे जगातलं सगळ्यात निरुपयोगी वाक्य आहे. सगळेच ‘मी’ असतात! नंबर ओळखीचा नसेल, आवाज सर्दीनं बसला असेल, फोन आजोबांनी उचलला असेल. “बाबा, मी दादा, परभणीहून बोलतोय. तुमच्यासाठी आणि आईसाठी निरोप आहे” असं सांगितलं की ऐकणारा सावरून बसतो.

दोन. काल, आज, उद्या, परवा हे शब्द एकटे सोडू नका. आपल्या मराठीत ‘परवा’ तर दोन्ही बाजूंना पळतो. “परवा गेलो होतो” आणि “परवा जाणार आहे”, शब्द एकच. हिंदी आणि उर्दूत ‘कल’ची तीच गंमत आहे. म्हणून वार आणि तारीख जोडा: “परवा, म्हणजे बुधवारी, बारा तारखेला.” वेळेला सकाळ, दुपार, संध्याकाळ लावा. रात्रीच्या गाडीला तर फारच जपा. सोमवारी रात्री १२ वाजून १० मिनिटांची गाडी असं कुणी म्हटलं, तर ती रेल्वेच्या हिशेबानं मंगळवारची असते. तिकिटावर मंगळवारची तारीख आहे म्हणून मंगळवारी रात्री स्टेशनवर गेलात, तर गाडी चोवीस तासांपूर्वीच गेलेली असते. तिथं “सोमवारी रात्री जेवून निघायचं” असं स्पष्ट सांगावं.

तीन. आकडे सुटे सांगा, दोनदा सांगा. आपल्या मराठी संख्या कानाला फार फसव्या आहेत. बावन्न आणि ब्याण्णव, एकावन्न आणि एक्याण्णव, सत्तावन्न आणि सत्त्याण्णव. जरा वाऱ्याचा आवाज झाला की गेलंच. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशीही संख्या वाचायची रीत आली, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा वाद झाला होता! त्या वादात आपण पडायला नको. फोन नंबर सांगताना मात्र “पाच, दोन” असं सुटं म्हणा, मधे श्वास घ्या, आणि शेवटी पूर्ण नंबर पुन्हा सांगा. ऐकणारा पेन शोधत असतो, हे लक्षात ठेवा.

चार. नाव अवघड असेल तर अक्षरं फोडून सांगा. “ब बदकाचा” की “भ भटजीचा”, “ड डमरूचा” की “ढ ढगाचा” हे आपण बालवाडीतच शिकलो आहोत. वैमानिक आणि सैनिकही अगदी हेच करतात. त्यांची ‘अल्फा, ब्राव्हो, चार्ली’ ही बाराखडी १९५६ पासून वापरात आहे. तेव्हा लाजायचं काही कारण नाही.

पाच. ठिकाण तालुक्यासकट सांगा. पिंगळी परभणीत आहे आणि साताऱ्याच्या माण तालुक्यातही पिंगळी आहे. शिवाय सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी आहे, कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथीसाठी प्रसिद्ध! कुणी घाईत म्हणालं, “सामान पिंगळीला पाठवा”, तर ते कुठल्या कुठं जाईल. आणि ‘पूर्णा’ तर नदीही आहे, जंक्शनही आहे आणि एखाद्या मुलीचं नावही असतं. “पूर्णा आली की निघा” या निरोपाचे तीन अर्थ होतील.

सहा. एक निरोप, एक काम. प्रवेशाचं, मोटारीच्या पाइपचं आणि मावशीच्या बारशाचं एकाच निरोपात कोंबलं, तर शेवटचं तेवढं लक्षात राहतं. कामं तीन असतील तर तीन छोटे निरोप पाठवा. नाहीतर सुरुवातीलाच सांगा, “तीन गोष्टी आहेत. पहिली...”

सात. शेवटी, आता काय करायचं ते सांगा. ऐकून झाल्यावर माणसानं फोन करायचा, वाट बघायची की घरातून निघायचं? “हा निरोप मिळाला की मला फक्त ‘बुधवार, परभणी’ एवढं कळवा” असं म्हणा. बघा, हा आपला उलट म्हणून दाखवण्याचाच नियम!

आणि बोलायच्या आधी दहा सेकंद गप्प बसा. काय सांगायचं ते मनात म्हणा, मग बटण दाबा. फटफटीवर बसून, लग्नाच्या वाजंत्रीत किंवा पिठाच्या गिरणीत उभं राहून निरोप बोलू नका. पाठवण्यापूर्वी एकदा स्वतः ऐका. आपलाच निरोप आपल्याला कळला नाही, तर दुसऱ्याला कसा कळेल?

निरोपात काय सांगायचं नाही

पूर्वी दारात तारवाला दिसला की घरातल्या बायका तार फोडायच्या आधीच रडायला लागत. वाईट बातमी अचानक कानावर पडू नये, ही माणुसकीची रीत आहे. कुणाचं दुखणं वाढलं, कुणी गेलं, तर ते ध्वनिमुद्रित निरोपात टाकू नका. ऐकणारा त्या वेळी एकटा असेल, बसमध्ये असेल. “काका, घरी पोचलात की लगेच मला फोन करा, बोलायचंय” एवढंच सांगा आणि बाकीचं प्रत्यक्ष बोला.

तातडीच्या वेळीसुद्धा निरोप कामाचा नाही. शेतात कुणाला साप चावला आणि तुम्ही बाबांना व्हॉइस मेसेज पाठवून वाट बघत बसलात, तर काय उपयोग? तिथं सरळ फोन लावायचा. रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर कुठल्याही संकटात ११२. आणि तिथंही क्रम ठरलेला: आधी ठिकाण, मग काय झालं, मग किती माणसं. ठिकाण पहिलं का? कारण फोन मधेच तुटला तरी गाडी कुठं पाठवायची हे तरी त्यांना कळलेलं असतं.

ओटीपी, बँकेचा पिन, पासवर्ड हे तर कधीच बोलून ठेवायचं नाही. निरोप पुढं कुणाला पाठवला जाईल आणि कोण ऐकेल, हे आपल्या हातात नसतं. कुणाची निंदाही नको. बोललेला शब्द हवेत विरून जातो असं पूर्वी म्हणता येत होतं. आता तो फोनमध्ये राहतो.

ऐकणाऱ्याचंही काम असतं

निरोप नुसता ऐकून फोन खिशात टाकायचा नाही. “मिळालं” किंवा त्याहून बरं म्हणजे “बुधवार, संध्याकाळी पाच, परभणी स्टेशन” असं उलट कळवायचं. निरोप दुसऱ्यासाठी असेल तर तो कागदावर लिहून ठेवायचा: कुणाचा, कुणासाठी, केव्हा आला, काय काम. फोनशेजारी वही आणि दोरीला बांधलेलं पेन ठेवायची पूर्वीची पद्धत आजही वाईट नाही.

आणि एक विनंती. बसमध्ये, रेल्वेत, दवाखान्यात मोठ्या आवाजात निरोप लावू नका. तुमच्या आत्याचं गुडघ्याचं दुखणं सगळ्या डब्याला कशाला कळायला हवं? फोन कानाला लावून ऐकता येतो. निरोप भरभर ऐकायचीही सोय २०२१ पासून व्हॉट्सॲपवर आली आहे, पण तारीख आणि नंबर मात्र सावकाशच ऐका.

आई-बाबांसाठी: घरचा प्रायव्हेट नंबर

हा भाग आई-बाबांनी मुलांबरोबर वाचावा. आता संगणकाच्या मदतीनं दुसऱ्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करता येते. “बाबा, मी अडचणीत आहे, या नंबरवर लगेच पैसे पाठवा” असा निरोप मुलाच्या आवाजात येऊ शकतो, आणि तो मुलानं पाठवलेला नसतो. आवाज ओळखीचा म्हणून माणूस ओळखीचा, हे आता धरून चालता येत नाही.

यावर उपाय रेल्वेकडूनच घेऊ या. घरातल्या सगळ्यांनी मिळून एक खुणेचा शब्द ठरवा. घरातल्या म्हशीचं जुनं नाव, आजोबांचा आवडता पदार्थ, काहीही चालेल, फक्त तो फोनवर लिहून ठेवायचा नाही आणि बाहेर कुणाला सांगायचा नाही. पैशांची किंवा “अमुक माणसाबरोबर जा” अशी मागणी आली की आधी खुणेचा शब्द विचारायचा. शब्द आला नाही तर काही करायचं नाही, नेहमीच्या नंबरावर स्वतः फोन लावून खात्री करायची. वापरला गेला की शब्द बदलायचा, गेटमन संख्या खोडतो तसा. फसवणूक झालीच, तर १९३० या नंबरावर लगेच तक्रार करता येते. शाळा सुटल्यावर “तुझ्या बाबांनी पाठवलंय” म्हणणाऱ्या अनोळखी माणसालाही हाच शब्द विचारायचा, बरं का!

करून पाहा

आता सुरुवातीच्या कोड्याकडं वळू. तोच निरोप दादानं असा दिला असता तर?

“बाबा, मी दादा, परभणीहून बोलतोय. आज सोमवार, दहा तारीख, दुपारचे दोन वाजलेत. प्रवेशाचं काम आज झालं नाही, बुधवारी, बारा तारखेला व्हायचंय. तीच शेवटची तारीख आहे. तुम्ही बुधवारी सकाळी नऊ वाजता परभणी स्टेशनच्या मोठ्या दारापाशी या. येताना माझं दहावीचं आणि बारावीचं गुणपत्रक आणा, कपाटातल्या निळ्या फाइलमध्ये आहे. सरांना मी स्वतः फोन करतो. निरोप मिळाला की ‘बुधवार, नऊ, निळी फाइल’ एवढं मला कळवा.”

घड्याळ लावून वाचा. अर्धं मिनिट, फार तर त्याहून थोडं जास्त! आणि विचारण्यासारखं काय उरलं? काही नाही.

आता तुमची पाळी. घरातल्या दोघांना घेऊन हा खेळ खेळा. एकानं दुसऱ्या खोलीत जाऊन अर्ध्या मिनिटाचा निरोप फोनवर बोलून ठेवायचा. काम तुम्हीच ठरवा: बाजारातून पाच वस्तू आणायच्या, किंवा आत्याला कुठल्या गाडीनं, कुठं उतरायचं ते सांगायचं. दुसऱ्यानं तो एकदाच ऐकायचा आणि कागदावर लिहायचं. तिसऱ्यानं कागद तपासायचा. जेवढे प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात उरले, तेवढे गुण बोलणाऱ्याचे कापायचे. आई-बाबांनाही खेळायला बसवा. त्यांचे गुण तुमच्यापेक्षा कमी आले तर हसू नका, त्यांना पहिला नियम पुन्हा वाचून दाखवा!